‘कशाच्या मानाने?’ : शरीरावरचं ठिकाण अचूक सांगण्याची भाषा

ॲनाटॉमी शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यातच जोड्यांचा एक तक्ता हाती पडतो. अँटीरियर म्हणजे पुढचं, पोस्टीरियर म्हणजे मागचं. सुपीरियर वरचं, इन्फीरियर खालचं. मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचं, लॅटरल म्हणजे तिच्यापासून लांबचं. प्रॉक्झिमल म्हणजे हातापायाच्या मुळाकडचं, डिस्टल म्हणजे टोकाकडचं. तक्ता एका बैठकीत पाठ होतो. तरीही "ही जखम नेमकी कुठे आहे ते लिहा" म्हटलं की कागदावर उतरतं ते "हाताला, आतल्या बाजूने, थोडं वर".

याचं कारण पाठांतराच्या पद्धतीत आहे. हे शब्द आपण गोल, चौकोनी, लाल, निळा यांच्यासारखे, म्हणजे त्या त्या अवयवाचा गुण म्हणून पाठ करतो. ते खरं तर जवळ-लांब, उंच-ठेंगणा यांच्या जातीचे आहेत. "डोळा मीडियल की लॅटरल?" या प्रश्नाला उत्तरच नाही. नाकाच्या मानाने डोळा लॅटरल आहे आणि कानाच्या मानाने मीडियल. म्हणून दिशेचा शब्द तोंडून निघाला की लगेच स्वतःला विचारायचं : कशाच्या मानाने? त्याचं उत्तर वाक्यात नसेल तर वाक्य अर्धवट आहे.

माझं स्पष्ट मत असं की तक्ता बाजूला ठेवून पहिल्या दिवसापासून पूर्ण वाक्यं बोलावीत. "गुडघा घोट्याच्या मानाने प्रॉक्झिमल आहे." "छातीचं मधलं हाड हृदयाच्या मानाने अँटीरियर आहे." "उजवं मूत्रपिंड डाव्याच्या मानाने किंचित इन्फीरियर आहे, कारण त्याच्यावर यकृत आहे." अशी चाळीस-पन्नास वाक्यं स्वतःच्या अंगाला हात लावत मोठ्याने म्हटली की जोड्या वेगळ्या घोकाव्या लागत नाहीत.

आधी उभं कसं राहायचं ते

सगळ्या तुलना एकाच ठरलेल्या स्थितीत केल्या जातात. तिला ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. ताठ उभं, नजर समोर, हात अंगालगत सरळ सोडलेले, तळहात पुढे वळवलेले आणि त्यामुळे अंगठे बाहेरच्या बाजूला, पावलं जवळजवळ, पायाची बोटं समोर. यातलं ‘तळहात पुढे’ हेच सर्वांत जास्त विसरलं जातं आणि सर्वांत जास्त घोटाळे त्यातूनच होतात. आपण सहज उभे राहतो तेव्हा तळहात मांडीकडे असतात आणि अंगठा पुढे येतो. ते बघून अंगठ्याकडच्या कडेला अँटीरियर म्हणायचा मोह होतो. ती कड नेहमी लॅटरल असते आणि करंगळीकडची नेहमी मीडियल, मग हात त्या क्षणी कसाही असो.

तळहात पुढेच का, हे एकदा हाताला हात लावून बघा. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं आहेत : अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना. तळहात पुढे असताना दोन्ही समांतर असतात. हात पालथा केला की रेडियस अल्नावरून आडवं जातं आणि त्याचं मनगटाकडचं टोक मध्यरेषेच्या बाजूला येतं. पालथ्या हातावर नावं द्यायची ठरवली असती तर एकाच हाडाचं वरचं टोक लॅटरल आणि खालचं मीडियल म्हणायची पाळी आली असती. उताण्या हातात ही अडचण येत नाही.

रुग्ण उताणा झोपलेला असो, पालथा असो की कुशीवर, शब्द बदलत नाहीत. पालथ्या रुग्णाची पाठ छताकडे असते, तरी ती पोस्टीरियरच. मनातल्या मनात त्याला उभं करायचं, तळहात पुढे वळवायचे आणि मग बोलायचं. डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, बघणाऱ्याचं नव्हे. छातीचा एक्स-रे आपण रुग्ण समोर उभा आहे अशा रीतीने लावतो, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सीटी स्कॅनचे आडवे काप रुग्णाच्या पावलांकडून वर पाहिल्यासारखे दाखवतात. तिथेही उजवं आपल्या डावीकडे, आणि चित्राची वरची कड म्हणजे अँटीरियर. पडद्यावर ‘वर’ दिसतंय म्हणून नवा माणूस सुपीरियर म्हणतो, तिथेच चुकतं. आडव्या कापात सुपीरियर-इन्फीरियर दिसतच नाही. त्यासाठी पुढचा-मागचा काप बघावा लागतो.

आणि हृदय. त्याचे ‘उजवे’ आणि ‘डावे’ कप्पे चित्रात शेजारी-शेजारी दाखवतात, त्यामुळे ते खरोखर डाव्या-उजव्या हाताला आहेत अशी समजूत होते. प्रत्यक्षात हृदय तिरकं आणि वळलेलं आहे. उजवी जवनिका (खालचा कप्पा) सर्वांत पुढे, छातीच्या मधल्या हाडामागे असते, तर डावं अलिंद (वरचा कप्पा) सर्वांत मागे, अन्ननलिकेला खेटून. म्हणूनच छातीत समोरून वार बसला की उजव्या जवनिकेला धोका जास्त, आणि डावं अलिंद फुगलं की अन्ननलिकेवर दाब येऊन गिळायला त्रास होऊ शकतो. नावातलं डावं-उजवं एक आणि शरीरातलं पुढे-मागे दुसरं. दोन्ही वेगवेगळं लक्षात ठेवावं लागतं.

शब्द कुठे चालतात, कुठे नाही

प्रॉक्झिमल-डिस्टल हे हातापायांसाठी, आणि ज्याला उगम व शेवट आहे अशा नळीसारख्या गोष्टींसाठी : रक्तवाहिनी, चेतातंतू, आतडं, मूत्रपिंडातली नलिका. धडाच्या बाबतीत "बेंबी छातीच्या मानाने डिस्टल" हे चूक. तिथे इन्फीरियर. उलट "कोपर मनगटाच्या सुपीरियर" हे हात खाली सोडलेला असताना खरं असलं तरी कुणी तसं म्हणत नाही. हात डोक्यावर नेला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, प्रॉक्झिमल म्हटलं तर होत नाही.

सुपरफिशियल-डीप म्हणजे कातडीपासून किती आत. पोटरीवर बोट टेकवलं तर क्रमाने कातडी, चरबीचा थर, स्नायूंवरचं घट्ट आवरण, स्नायू आणि शेवटी हाड. हाड स्नायूच्या मानाने डीप. पण नडगीच्या पुढच्या-आतल्या अंगाला स्नायू नाहीच. तिथे टिबिया, म्हणजे नडगीचं जाड हाड, कातडीखाली लगेच लागतं. म्हणूनच तिथला मार इतका लागतो.

इंटर्नल-एक्स्टर्नल यांच्याकडे जरा जपून बघा. हे मीडियल-लॅटरलचे पर्याय नव्हेत. मानेत कॅरोटिड धमनी दोन फाट्यांत विभागते, इंटर्नल आणि एक्स्टर्नल. नावावरून वाटतं इंटर्नल फाटा मध्यरेषेकडे असेल. फाटा फुटतो तिथे सहसा उलट असतं : इंटर्नल कॅरोटिड मागे आणि बाहेरच्या अंगाला असते. तिला इंटर्नल म्हणतात ते ती कवटीच्या आत जाऊन मेंदूला रक्त देते म्हणून. एक्स्टर्नल फाटा चेहरा आणि कवटीबाहेरच्या भागाला रक्त देतो.

हात आणि पावलांसाठी वेगळे शब्द आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. तळहाताची बाजू पामर, तळपायाची प्लांटर, आणि दोन्हींची दुसरी बाजू डॉर्सल. उभ्या माणसाच्या पावलाची डॉर्सल बाजू आकाशाकडे असते, मागे नव्हे; जिभेचा वरचा पृष्ठभागसुद्धा डॉर्सल. मनगटाजवळ मीडियल-लॅटरल म्हणण्यापेक्षा अल्नर-रेडियल म्हणणं जास्त सुरक्षित, कारण हात फिरला तरी मनगटाशी रेडियस अंगठ्याकडे आणि अल्ना करंगळीकडेच राहतं.

एक प्रश्न हमखास येतो : हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा मीडियल, हे कसं? गर्भात हातापायांच्या कळ्या फुटतात तेव्हा दोन्ही अंगठे डोक्याच्या बाजूला असतात. पुढे हात बाहेरच्या बाजूला सुमारे ९० अंशांत फिरतात आणि पाय आतल्या बाजूला तितकेच. म्हणून कोपर मागे रोखलेलं आणि गुडघा पुढे, म्हणून कोपर पुढे वाकतं आणि गुडघा मागे. हे एकदा नीट समजलं की पायाच्या स्नायूंची नावं उलटी वाटेनाशी होतात.

मेंदूत आणखी एक वळण आहे. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत डॉर्सल म्हणजे मागे. मेंदूपर्यंत पोचताना हा अक्ष जवळजवळ काटकोनात पुढे झुकतो, त्यामुळे मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे वर, व्हेंट्रल म्हणजे खाली, आणि नाकाच्या दिशेला रॉस्ट्रल. चार पायांच्या प्राण्याची पाठ वर असते, हे आठवलं की पुरे.

मोठ्या भागांची नावंही रोजच्या बोलण्यापेक्षा काटेकोर आहेत. आपण बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत सगळ्याला हात म्हणतो. ॲनाटॉमीत आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, म्हणजे आपला दंड. फोरआर्म म्हणजे कोपर ते मनगट. हँड म्हणजे मनगटापुढे. तसंच लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. त्याच्या वर मांडी, खाली पाऊल. "लेगमध्ये फ्रॅक्चर" असं ऐकून कुणी मांडीचं हाड डोळ्यांसमोर आणलं तर पुढचं सगळंच चुकतं. मराठीत लिहिताना दंड, मांडी, पोटरी, नडगी, पाऊल हे शब्द सरसकट हात-पायांपेक्षा कितीतरी चांगले.

एक घोटा, नीट बघून

आता एकच जागा घेऊ आणि सगळे शब्द तिच्यावर चालवून बघू. बूट-मोजे काढा आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे चाचपा. आतला उंचवटा टिबियाचा, म्हणजे मीडियल मॅलिओलस. बाहेरचा फिब्युलाचा, म्हणजे टिबियाशेजारच्या बारीक हाडाचा, लॅटरल मॅलिओलस. दोन्हींच्या टोकांवर एकेक बोट ठेवलं की फरक लगेच कळतो : बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटर खाली, आणि थोडा मागेही. भाषेत मांडलं तर लॅटरल मॅलिओलस मीडियलच्या मानाने डिस्टल आणि किंचित पोस्टीरियर आहे.

या रचनेमुळे पाऊल बाहेर वळायला अडतं आणि आत सहज वळतं. तळवा मध्यरेषेकडे वळणं म्हणजे इन्व्हर्शन. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा असाच, त्यातही टाच उचललेली आणि बोटं खाली असताना. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि भक्कम आहे. बाहेरच्या बाजूला तीन वेगळ्या पट्ट्या आहेत आणि त्यांतली सर्वांत पुढची सर्वांत आधी ताणली जाते. तिचं नाव अँटीरियर टॅलोफिब्युलर लिगामेंट. नावाकडे बघा : पुढची, टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं पावलाचं हाड) आणि फिब्युला या दोन हाडांना जोडणारी. ती लॅटरल मॅलिओलसच्या पुढच्या कडेपासून पुढे आणि मीडियल बाजूला जाते. नाव वाचलं की बोट कुठे ठेवायचं ते कळतं.

इथे शब्दाची किंमत एक्स-रेएवढी आहे. मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवताना ऑटावा नियम म्हणून ओळखले जाणारे निकष वापरतात. घोट्याच्या भागात दुखत असेल तर प्रश्न असा : दोन्हींपैकी कुठल्याही मॅलिओलसच्या टोकावर, किंवा शेवटच्या ६ सेंटिमीटरच्या पोस्टीरियर कडेवर दाबल्यावर हाड दुखतं का? किंवा इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही त्या पायावर भार देत चार पावलं टाकता आली नाहीत का? उत्तर हो असेल तर एक्स-रे. दुखरी जागा मॅलिओलसच्या अँटीरियर बाजूला, हाडाच्या पुढे असेल तर संशय आधी त्या अस्थिबंधावर जातो. "बाहेरच्या घोट्याला दुखतंय" एवढंच लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाला यातलं काहीही ठरवता येत नाही आणि त्याला सगळं पुन्हा दाबून बघावं लागतं. आधीच दुखणाऱ्या पायावर.

हालचालींचे शब्द

प्रतलं पटकन सांगतो. सॅजिटल प्रतल शरीराचे डावा-उजवा भाग करतं, कोरोनल पुढचा-मागचा, ट्रान्सव्हर्स वरचा-खालचा. मधोमध जाणारं सॅजिटल ते मीडियन. सॅजिटल प्रतलात होतं ते फ्लेक्शन-एक्स्टेन्शन (वाकवणं-सरळ करणं), कोरोनलमध्ये ॲब्डक्शन-ॲडक्शन (मध्यरेषेपासून दूर नेणं-जवळ आणणं), ट्रान्सव्हर्समध्ये रोटेशन (स्वतःच्या अक्षाभोवती फिरणं). अडचणी येतात त्या अपवादांत.

पहिला अपवाद अंगठा. तो इतर बोटांच्या मानाने जवळजवळ काटकोनात फिरलेला आहे, त्यामुळे त्याच्या हालचालींची प्रतलंही फिरतात. हात टेबलावर उताणा ठेवा. अंगठा सरळ छताकडे उचलणं म्हणजे ॲब्डक्शन. तो परत तर्जनीला येऊन भिडणं म्हणजे ॲडक्शन. तळहातावरून करंगळीकडे सरकणं फ्लेक्शन, टेबलाच्या पातळीतच बाहेर नेणं एक्स्टेन्शन, आणि वळून करंगळीच्या टोकाला टोक लावणं अपोझिशन. बहुतेक जण बाहेर नेण्याला ॲब्डक्शन म्हणतात. ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. अंगठा छताकडे उचलायची ताकद मीडियन नर्व्हची तपासणी आहे, बाहेर नेण्याची रेडियल नर्व्हची, आणि तर्जनीशी घट्ट मिटवून कागद धरण्याची अल्नर नर्व्हची. हालचालीचं नाव चुकलं की नर्व्ह चुकते.

बोटांच्या ॲब्डक्शनसाठी शरीराची मध्यरेषा मोजत नाहीत. हातात मधलं बोट हा अक्ष आणि पायात दुसरं बोट. त्यांच्यापासून दूर ते ॲब्डक्शन. मग मधल्या बोटाचं काय? ते कुठल्याही बाजूला गेलं तरी ॲब्डक्शनच, म्हणून रेडियल की अल्नर ते सांगावं लागतं.

प्रोनेशन-सुपिनेशन, म्हणजे हात पालथा आणि उताणा करणं, मोजताना कोपर ९० अंशांत वाकवून बरगड्यांना चिकटवून ठेवायचं. कोपर सरळ असेल तर खांद्याचं रोटेशन नकळत मिसळतं आणि हात प्रत्यक्षापेक्षा जास्त फिरल्यासारखा दिसतो. हातात पेन उभं धरायला सांगितलं तर कोन वाचणं सोपं जातं. दोन्ही बाजूंना साधारण ८० ते ९० अंश मिळतात.

घोट्याच्या बाबतीत नुसतं फ्लेक्शन म्हणूच नका. पाऊल वर उचलणं डॉर्सिफ्लेक्शन, खाली दाबणं प्लांटरफ्लेक्शन. यात गंमत अशी की पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नावं एक्स्टेन्सर अशी आहेत, त्यामुळे नुसतं फ्लेक्शन म्हटलं तर दोन माणसं दोन उलट दिशा समजू शकतात.

सरावासाठी रोजच्या आसनांचं वर्णन करा. उकिडवं बसणं : दोन्ही खुबे पूर्ण फ्लेक्शनमध्ये, गुडघे फ्लेक्शनमध्ये, घोटे डॉर्सिफ्लेक्शनमध्ये. टाच टेकत नसेल तर कमी पडतंय ते बहुधा डॉर्सिफ्लेक्शन. हे वाक्य उच्चारता आलं की पुढे काय तपासायचं ते आपोआप सुचतं.

मोजायला सुरुवात कुठून

"डाव्या छातीवर, स्तनाग्राच्या खाली" हे वर्णन टाळा. स्तनाग्राची जागा माणसागणिक बदलते. छातीवर बरगड्या मोजायच्या आणि उभ्या रेषा वापरायच्या. गळ्याच्या खळग्यात बोट ठेवून मधल्या हाडावरून खाली सरका. साधारण ५ सेंटिमीटरवर आडवी कड लागते, तो स्टर्नल अँगल. तिथून बाजूला सरकलं की दुसरी बरगडी. तिच्या खालची फट ती दुसरी फट, कारण फटीला वरच्या बरगडीचा क्रमांक मिळतो. वरून मोजायला जाऊ नका. पहिली बरगडी गळ्याजवळच्या आडव्या हाडामागे दडलेली असते आणि हाताला नीट लागत नाही.

ईसीजी काढताना याचा रोज उपयोग होतो. छातीवर लावायच्या सहा इलेक्ट्रोडांची नावं व्ही१ ते व्ही६. व्ही१ मधल्या हाडाच्या उजव्या कडेला चौथ्या फटीत, व्ही२ डाव्या कडेला चौथ्या फटीत. व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. व्ही५ काखेच्या पुढच्या रेषेवर आणि व्ही६ काखेच्या मधल्या रेषेवर, दोन्ही व्ही४ च्याच आडव्या पातळीत. नेहमीची चूक म्हणजे व्ही१-व्ही२ दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटीत लावणं. त्याने आलेखाचा आकार बदलतो आणि नसलेला आजार दिसू शकतो. दुसरी चूक व्ही५-व्ही६ बरगडीच्या वळणाबरोबर वर नेणं. फट तिरकी जाते, पातळी मात्र सरळ ठेवायची.

पोटावर बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेष काढली की चार चतुर्थांश होतात. रोजच्या कामाला ते पुरतात : यकृत आणि पित्ताशय उजव्या वरच्या, प्लीहा डाव्या वरच्या, ॲपेंडिक्स उजव्या खालच्या भागात. नऊ भागांची जाळी जास्त नेमकी, पण तोंडी सांगताना चुका वाढवते. त्यापेक्षा हाडाच्या खुणेपासून अंतर सांगणं बरं. ॲपेंडिक्सची जागा दाखवणारा मॅकबर्नी बिंदू असाच सांगतात : कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी जोडणाऱ्या रेषेवर, बाहेरचा एक-तृतीयांश संपतो तिथे. ‘बाहेरचा’ हा शब्द गाळला तर तोच बिंदू बेंबीजवळ जाऊन बसतो.

क्रम सांगतानाही दिशा आधी जाहीर करायची. कोपराच्या पुढच्या खळग्यात लॅटरलकडून मीडियलकडे : बायसेप्सची दोरी (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा भाग), ब्रेकियल धमनी, मीडियन नर्व्ह. म्हणून रक्तदाब घेताना स्टेथोस्कोप दोरीच्या मीडियल बाजूला ठेवतात. जांघेत लॅटरलकडून मीडियलकडे : फीमोरल नर्व्ह, धमनी, शीर. यादी बरोबर पण दिशा उलटी पाठ झाली, तर शिरेत जायची सुई नर्व्हच्या दिशेला जाते.

लांबलचक नावं फोडून

स्नायूंची नावं लांब असतात, कारण ती पत्ता आणि काम दोन्ही सांगतात. एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस लाँगस : एक्स्टेन्शन करणारा, मनगटाचा, रेडियसच्या बाजूचा, लांब. म्हणजे तो मनगट मागे वाकवेल आणि अंगठ्याच्या बाजूला झुकवेल, हे पुस्तक न उघडता सांगता येतं. आणि लाँगस आहे म्हणजे ब्रेव्हिस असणार. मेजर दिसला की मायनर शोधावा.

बोटं वाकवणारे दोन स्नायू याचं उत्तम उदाहरण आहेत : फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस. एक वरच्या थरातला, एक खोल. वरचा बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पोचतो, खोल असलेला शेवटच्या पेरापर्यंत. बोट कापलं असेल तर मधलं पेर आपल्या चिमटीत स्थिर धरून रुग्णाला टोक वाकवायला सांगायचं. टोक हललं तर प्रोफंडस शाबूत. दुसऱ्यासाठी बाकीची बोटं सरळ दाबून धरायची आणि तेवढं एक वाकवायला सांगायचं, म्हणजे प्रोफंडस मदतीला येऊ शकत नाही.

या नावांना शिस्त आहे ती ठरवून आणलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या देशांतल्या पुस्तकांत मिळून सुमारे ५०,००० नावं चालू होती. १८९५ साली बाझलमध्ये मान्य झालेल्या यादीने ती पाच-साडेपाच हजारांवर आणली. आज संदर्भ धरतात ती टर्मिनॉलॉजिया ॲनाटॉमिका, पहिली आवृत्ती १९९८ ची. व्यक्तींच्या किंवा दंतकथेतल्या नावांऐवजी वर्णनात्मक नावं घेण्याकडे तिचा कल आहे : अकिलीस टेंडनऐवजी कॅल्केनियल टेंडन, म्हणजे टाचेच्या हाडाचा. दवाखान्यात मात्र दोन्ही ऐकू येतील, म्हणून दोन्ही ओळखता यायला हवीत.

ठिपक्यांचा सराव

दोघांनी मिळून करायचा. एकाने स्वतःच्या हातावर किंवा पायावर पेनाने पाच ठिपके द्यायचे आणि ते झाकून ठेवून प्रत्येकाचं ठिकाण लिहायचं. दुसऱ्याने नुसतं लिखाण वाचून स्वतःच्या अंगावर ठिपके द्यायचे. मग ताडून बघायचं. बोटाच्या पेरापेक्षा जास्त फरक पडला तर वर्णनात काहीतरी सुटलंय.

चांगलं वर्णन पाच गोष्टी सांगतं : बाजू, भाग, पृष्ठभाग, हाताला लागणारी खूण, आणि त्या खुणेपासून दोन दिशांना अंतर. "उजवा फोरआर्म, अँटीरियर पृष्ठभाग, मनगटाच्या सर्वांत डिस्टल घडीपासून ४ सेंटिमीटर प्रॉक्झिमल, पामॅरिस लाँगसच्या दोरीपासून १ सेंटिमीटर लॅटरल." ही दोरी दिसण्यासाठी अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा. काही जणांत हा स्नायू नसतोच, तेव्हा शेजारची फ्लेक्सर कार्पी रेडियालिसची दोरी घ्यावी. तिच्या लगेच लॅटरल बाजूला नाडी लागते, त्यामुळे ती कुणालाही सापडते.

सरावात बहुतेक चुका दोनच प्रकारच्या निघतात. एक, खूण मऊ निवडलेली असते : तीळ, स्नायूचा फुगवटा, कातडीची सुरकुती. हाड किंवा दोरी निवडा. मनगटाच्या घड्या चालतात, पण त्या एकापेक्षा जास्त असतात, म्हणून कुठली ते लिहायचं. दोन, अंतर एकाच दिशेला दिलेलं असतं, त्यामुळे ठिपका न मिळता आख्खी रेष मिळते.

पाच ठिपके जमले की फोनवर करा, नुसतं बोलून. तिथे उच्चाराची नवीच अडचण येते. ॲब्डक्शन आणि ॲडक्शन कानाला जवळजवळ सारखे, म्हणून ‘ए-बी’ किंवा ‘ए-डी’ असं सुटं सांगून मग शब्द पुरा करायची पद्धत आहे, ती पाळा. इंट्रा म्हणजे आत, इंटर म्हणजे दोहोंच्या मध्ये. देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर आणखी एक खड्डा आहे : लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भाग, दोन्हींचं नाव आपण ‘इलियम’ असंच लिहितो, त्यामुळे प्रत्येक वेळी आतड्याचा इलियम की हाडाचा इलियम हे सोबत लिहावंच लागतं. पेरोनियल आणि पेरिनियल यांचंही तसंच. पहिला शब्द नडगीच्या बाहेरच्या बाजूचा, दुसरा दोन मांड्यांमधल्या जागेचा, आणि घाईतल्या अक्षरात फरक फक्त एका मात्रेचा. नव्या यादीत पेरोनियलऐवजी फिब्युलर हा शब्द मुख्य धरला आहे. लिहिताना तोच वापरा.